हात का थरथरतो? कंपवाताचे नवे ज्ञान आणि जुनी गोळी

(मुरुड येथे मंडळीच्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांनी मला विषय दिला तेव्हा ते म्हणाले, "ताई, यंदा हातपाय थरथरण्याच्या आजारांवर बोला. आपल्या मंडळीत तीन घरी आहे आणि कुणी बोलत नाही." ती तीन घरं कोणती ते मी विचारलं नाही, तुम्हीही शोधू नका. पण कुणी बोलत नाही हे खरं आहे. ताप आला तर आपण प्रार्थनेसाठी नाव देतो. शुगर वाढली तर चारचौघांत सांगतो. हात थरथरायला लागला की बाईचा हात पदराखाली जातो आणि बाप्याचा खिशात.

मी डॉक्टर नाही. माझं शिक्षण समाजकार्याचं, आणि एक ईशज्ञानाची पदविका. पण रुग्णांना घेऊन लातूर-नांदेडला मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाणं, बाहेरच्या बाकावर बसणं आणि आत गेल्यावर शंभर प्रश्न विचारणं, हे बरीच वर्षं चाललं आहे. त्यातून आणि वाचनातून जे समजलं ते सांगते.

या सगळ्या आजारांना मिळून डॉक्टर मूव्हमेंट डिसऑर्डर म्हणतात, म्हणजे हालचालींचे विकार. हा लकवा नव्हे. आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात तो प्रकार वेगळा, त्यात हातातली ताकदच जाते. इथे ताकद असते, पण हात मनासारखा वागत नाही. नको तेव्हा हलतो, हवा तेव्हा हलत नाही, किंवा हलायला फार वेळ घेतो. मान एका बाजूला ओढली जाते, पापण्या आपोआप मिटतात, पाऊल आत वळतं, हेही याच कुटुंबातले आजार.

यातला सर्वांत ठाऊक असलेला पार्किन्सन्स. आपल्या आयुर्वेदातला कंपवात. लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्यावर एक छोटं पुस्तक लिहिलं. मला त्या पुस्तकाचं नवल वाटतं ते एका गोष्टीसाठी. त्यात फक्त सहा माणसांची हकिकत आहे, आणि त्या सहांपैकी तिघे त्यांना दवाखान्यात नव्हे, बाहेर दिसले. दोघे रस्त्यात भेटले, एकाला तर त्यांनी नुसतं दुरून पाहिलं. ना यंत्र, ना रक्ताची तपासणी. आज दोनशे वर्षांनंतरही हे निदान मुख्यतः नजरेनेच होतं. एमआरआय काढतात तो दुसरा काही आजार नाही ना हे बघायला. 'एमआरआय नॉर्मल आला म्हणजे काही नाही' असं समजून घरी परतलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग ही नजर आपल्याला का शिकता येऊ नये?

पुढच्या वेळी प्रभुभोजनाला बसाल तेव्हा सहज बघा. एखाद्या काकांचा हात पेला उचलताना थरथरतो, ओठाजवळ नेताना जास्तच हलतो, पण मांडीवर ठेवला की शांत होतो. हा बहुधा पार्किन्सन्स नव्हे. याला इसेन्शियल ट्रेमर म्हणतात, हा घराण्यात चालत येतो, वडिलांनाही असतो, कधी मानही हलते. तो पुष्कळ अधिक लोकांना असतो आणि प्रोप्रॅनोलॉलसारख्या जुन्या गोळीने अनेकांना आराम पडतो. (दमा असेल तर ती गोळी चालत नाही, म्हणून शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नका.) आता दुसरे काका. उपदेश चालू असताना त्यांचा हात मांडीवर निवांत पडला आहे, आणि नेमका तेव्हाच अंगठा बोटांवर फिरतोय, जणू पिठाची गोळी वळतोय. पेला उचलला की थरथर कमी होते. आणि एकाच हाताला आहे. हे पार्किन्सन्सचं लक्षण.

सगळ्यांना थरथर असतेच असंही नाही. काहींचं शरीर नुसतं मंदावतं. सही बारीक बारीक होत जाते. चालताना एक हात झुलायचा थांबतो. गाणं म्हणताना शेजारच्याला आवाज ऐकू येत नाही. चेहऱ्यावरचे भाव उतरतात आणि सून म्हणते, "मामंजी हल्ली रागातच असतात." ते रागात नसतात, चेहऱ्याचे स्नायू साथ देत नसतात. एका मावशींनी मला जे सांगितलं ते कुठल्याही पुस्तकात सापडायचं नाही: "ताई, भाकरी गोल होईना. डाव्या हाताला परात फिरवायचं ध्यानातच राहत नाही."

आणखी एक गोष्ट अलीकडच्या संशोधनातून पुढे आली आहे. हा आजार हातात दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधी सुरू झालेला असतो. फोडणीचा वास येईनासा होतो. शौचाला साफ होत नाही. झोपेत माणूस स्वप्नातलं भांडण खरंच भांडतो, ओरडतो, लाथा मारतो. यातलं एखादं लक्षण असलं म्हणजे पार्किन्सन्स झाला असं नाही, नाहीतर आज रात्रीच निम्मा मुरुड घाबरून जागा राहील! पण यांच्या जोडीला हालचाल मंदावली तर डॉक्टरांना हे सगळं सांगायला हवं. पोट साफ नाही ही गोष्ट मेंदूच्या डॉक्टरांना काय सांगायची, म्हणून लोक गप्प बसतात.

आता आत काय बिघडतं ते. मेंदूच्या तळाशी एका काळपट पट्ट्यातल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात. हालचाल सुरू करायला, ती गुळगुळीत ठेवायला ते लागतं. या पेशी हळूहळू मरत जातात, आणि निम्म्याच्या आसपास गेल्यावर लक्षणं दिसू लागतात. हे माणसाला कळलं कसं, त्याची गोष्ट थोडी लांब आहे, पण ती आपल्या मातीतल्या दोन वनस्पतींची आहे, म्हणून सांगतेच.

पहिली सर्पगंधा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहून दाखवलं की या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो. जगाचं लक्ष तिकडे गेलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसर्पिन हे औषध वेगळं काढलं गेलं आणि रक्तदाबाचे रुग्ण ते घेऊ लागले. मग डॉक्टरांना दिसलं की त्यातले काही जण मंद होतात, ताठतात, थरथरतात. अगदी पार्किन्सन्ससारखे. औषध थांबवलं की पुन्हा पूर्ववत. स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली हेच रेसर्पिन सशांना दिलं. ससे कान पाडून दगडासारखे बसले. मग त्यांनी डोपा नावाचं द्रव्य टोचलं आणि काही मिनिटांत ससे हलू-फिरू लागले. रेसर्पिनने मेंदूतलं डोपामिन संपतं आणि डोपाने ते परत तयार होतं, हा त्याचा उलगडा. या कामासाठी कार्लसन यांना २००० सालचं नोबेल मिळालं.

दुसरी वनस्पती तुम्हाला सांगायला नको. खाजकुइली. किनवटच्या जंगलात चालताना तिची शेंग अंगाला घासली की काय होतं हे आपल्या सगळ्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. आयुर्वेदात ती कपिकच्छू, आणि तिचं बी वाताच्या विकारांवर फार पूर्वीपासून देतात. १९३७ साली मद्रासमध्ये दामोदरन आणि रामस्वामी या शास्त्रज्ञांनी तिच्या बियांतून लेव्होडोपा वेगळं काढलं होतं. म्हणजे सशांना जे टोचलं त्याच जातीचं द्रव्य. ते पार्किन्सन्सला उपयोगी पडेल हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. १९६० मध्ये व्हिएन्नात होर्निकिएविच यांनी या आजाराने गेलेल्या माणसांचे मेंदू तपासले आणि त्यांत डोपामिन अगदीच कमी सापडलं. १९६७ मध्ये न्यूयॉर्कला कोत्झियास यांनी डोपा थोड्या मात्रेपासून सुरू करून वाढवत नेलं, आणि खिळलेली माणसं उठून चालू लागली.

त्यानंतर मुंबईतच डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना कपिकच्छूच्या बियांचं चूर्ण देऊन बघितलं. तो अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. पुढे २००४ मध्ये लंडनला आणि २०१७ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या बोलिव्हियात थोड्या रुग्णांवर तसेच अभ्यास झाले. बोलिव्हियातल्या डॉक्टरांचा हेतू मला विशेष वाटतो. ज्यांना गोळी परवडत नाही त्यांच्यासाठी भाजलेल्या बियांची पूड चालेल का, हे त्यांना बघायचं होतं. परिणाम गोळीच्या तोडीचा दिसला, पण बऱ्याच रुग्णांना त्रास झाल्याने पूड सोडावी लागली.

आता तुमच्या मनात काय आलं ते मला कळतंय. कृपा करून घरी खाजकुइलीचं बी कुटू नका. एका वेलीच्या बीत लेव्होडोपा जास्त, दुसऱ्या वेलीच्या बीत कमी. मात्रा कळायला मार्ग नाही. उलट्या होतात, रक्तदाब एकदम उतरतो, आणि गोळी चालू असताना पूड घेतली तर दोन्ही मिळून जास्त होतं. गोळीत लेव्होडोपाच्या जोडीला कार्बिडोपा असतं. ते लेव्होडोपाला मेंदूत पोचण्याआधी खर्च होऊ देत नाही, म्हणून थोड्यात काम भागतं आणि मळमळ कमी होते. बीमध्ये हा जोडीदार नसतो.

ही लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, आपल्या देशाच्या यादीतही आहे. पन्नास वर्षं झाली, आणि पार्किन्सन्ससाठी तिच्याहून गुणकारी औषध अजून निघालेलं नाही. आजार ती थांबवत नाही. पण माणसाला त्याची हालचाल परत देते. काही वर्षांनी तिचा असर लवकर उतरू लागतो, किंवा अंग जास्तच हलू लागतं, तेव्हा वेळा आणि मात्रा डॉक्टर बदलून देतात. वेळ पाळणं महत्त्वाचं. जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यावी, कारण डाळ-अंडी-मटणातली प्रथिनं तिची वाट अडवतात. लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नये.

नवीन काय, असं पाळकसाहेबांनी मुद्दाम विचारायला सांगितलं होतं. बरंच आहे. १९८७ साली फ्रान्समध्ये बेनाबिद यांनी मेंदूत बारीक तार बसवून विजेच्या हलक्या झटक्यांनी थरथर थांबवली. ती डीबीएस शस्त्रक्रिया १९९०च्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या जसलोकमध्ये डॉ. परेश दोशी यांनी सुरू केली. २०२५ मध्ये अमेरिकेत तिच्या नव्या प्रकाराला परवानगी मिळाली. त्यात यंत्र मेंदूतल्या लहरी वाचून आपला जोर स्वतःच कमीजास्त करतं. डोकं न उघडता ध्वनिलहरी एका बिंदूवर रोखून थरथर थांबवण्याच्या पद्धतीला तिथे २०१६ मध्येच मान्यता मिळाली होती. २०२३ साली अकराशेहून अधिक लोकांच्या अभ्यासात दिसलं की पाठीच्या कण्यातलं पाणी तपासून अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनाचा माग काढता येतो. पार्किन्सन्सच्या दर १०० रुग्णांपैकी सुमारे ८८ जणांत तो सापडला. हे मला सर्वांत मोठं पाऊल वाटतं, कारण पेशी मरायच्या आधी आजार पकडता आला तरच तो थांबवायचं औषध शोधता येईल. २०२५ मध्ये जपान आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी रुग्णांच्या मेंदूत रोवल्याचं जाहीर केलं. एका ठिकाणी ७ रुग्ण, दुसऱ्या ठिकाणी १२. त्या सुरक्षित दिसल्या, एवढंच आज म्हणता येतं. त्याच वर्षी मधुमेहाच्या एका औषधाकडून मोठी आशा होती, ती मोठ्या चाचणीत फोल ठरली. म्हणून वर्तमानपत्रात 'पार्किन्सन्सवर रामबाण' असं वाचलं की लगेच जमीन विकायला काढू नका. स्टेम सेलच्या नावाने लाखो रुपये घेणारे दवाखाने निघाले आहेत, त्यांच्यापासून दूर राहा. २०२५ मध्ये हा उपचार चाचणीतच होता.

डीबीएस काही लाखांच्या घरात जाते. ज्यांना खरोखर गरज आहे त्यांनी जरूर विचारावं, डॉक्टर योग्य रुग्ण निवडतात. पण आपल्या कार्यक्षेत्रात अडचण डीबीएसची नाहीच. तिथे १९६७ सालचं औषध अजून पोचायचं आहे.

कोलामांच्या एका पोडावरची गोष्ट सांगते. एक आजी, साठीच्या आसपासची. चार वर्षं तिचं अंग ताठत चाललं होतं. घरच्यांनी आधी भगताकडे नेलं, कोंबडं दिलं, दोरा बांधला. 'बाहेरचं आहे' असं ठरलं. मग आमच्या आरोग्य कार्यकर्तीने तिला चालताना पाहिलं, मोबाइलवर तिचं चालणं टिपलं आणि आम्ही तिला नांदेडला दाखवलं. गोळी सुरू झाली. तीन आठवड्यांनी ती स्वतः पाणी भरायला गेली. पोडावरची पोरं मागून चालत होती, कारण त्यांनी तिला चालताना कधी पाहिलंच नव्हतं.

ही गोष्ट इथे संपली असती तर साक्ष म्हणून छान झाली असती. वर्षभराने एका प्रार्थना शिबिरात कुणी वक्त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं, तू बरी झालीस, आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास. तिने गोळी बंद केली. चौथ्या दिवशी मुलाचा फोन आला, "ताई, आई लाकडावानी झाली, अंगात भट्टी पेटल्यासारखा ताप आहे, घोट गिळंना." ही गोळी अचानक थांबवली की असं होऊ शकतं, आणि त्यात माणूस दगावू शकतो. रात्रीच जीप केली. ती वाचली, पण पहिल्यासारखं चालणं परत यायला दोन महिने लागले.

मी प्रार्थनेवर विश्वास ठेवते. आजीसाठीही केली, जीपमध्ये बसून केली. पण मी हे स्पष्ट बोलणार आहे, आणि पाळकसाहेबांची परवानगी घेऊन बोलते. भगताने 'बाहेरचं' म्हणणं आणि आपल्यातल्या कुणी 'दुरात्मा' म्हणणं, यांत त्या बाईच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. दोन्हीकडे तिची गोळी सुटते. लूक स्वतः वैद्य होता, पौलाने त्याचा तसाच उल्लेख केला आहे. आणि कफर्णहूमातल्या त्या चौघांनी आपल्या मित्राला खाटेवर घालून छप्पर उचकटून आत सोडलं, ते त्याला 'विश्वास ठेव' असं सांगून घरी बसले नव्हते. प्रार्थनेनंतर बरं वाटलं, तर आनंदच आहे. गोळी कमी करायची का, हे डॉक्टरांना विचारू. भगताकडे जाणाऱ्यांना हसूही नका. सर्वांत जवळचा मेंदूविकारतज्ज्ञ शंभर किलोमीटरच्या पलीकडे आणि भगत तीन घरं सोडून, अशा ठिकाणी तुम्ही-आम्ही आधी कुणाकडे गेलो असतो?

'बाहेरचं' म्हणून ज्यांचे हाल होतात त्यांत तरुण मुलंही आहेत, आणि त्यांच्याबद्दल बोलल्याशिवाय मी खाली बसणार नाही.

पंधरा-वीस वर्षांचा मुलगा. अक्षर बिघडलं, बोलणं जड झालं, तोंडातून लाळ येते, हात पंखासारखे फडफडतात, स्वभाव बदलला, अभ्यासात मागे पडला. लहानपणी कधी कावीळ झालेली. हा विल्सन्स डिसीज असू शकतो. शरीरातलं तांबं बाहेर पडत नाही, ते यकृतात आणि मेंदूत साठतं. काहींच्या बुबुळाभोवती तपकिरी कडं दिसतं. तांबं काढणारं पेनिसिलामाइन हे औषध १९५६ पासून आहे, जस्ताच्या गोळ्याही वापरतात. वेळेत सुरू केलं तर मुलगा सुधारतो, आणि औषध जन्मभर घेत राहिला तर चांगलं आयुष्य जगतो. उशीर झाला तर जातो. हा आजार आईबाप दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं की होतो. आपल्या मराठवाड्यात मामाच्या मुलीशी, काही घरांत सख्ख्या मामाशी लग्नं होतात, त्यामुळे अशी जोडी जुळायची शक्यता वाढते. एका मुलाला निघाला तर त्याच्या सगळ्या सख्ख्या भावंडांची तपासणी करा, त्यांना काही त्रास नसला तरी.

शाळेतली मुलगी. हातातला ग्लास पडतो, तोंड वेडंवाकडं होतं, एका जागी बसवत नाही. मास्तर छडी मारतात, घरी आई मारते. घसा दुखून गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी असं झालं असेल तर तो कोरिया असू शकतो, संधिवाताच्या तापाचा भाऊ. थरथर आपोआप बरी होते, पण त्याच तापाने हृदयाच्या झडपा खराब होतात. म्हणून पेनिसिलिनची इंजेक्शनं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. इथे बैठकीला शिक्षक असतील तर त्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आणि एक दुर्मीळ पण विलक्षण प्रकार. लहान मूल सकाळी बरं चालतं, संध्याकाळपर्यंत पाय वाकडे होऊन पडतं. झोपून उठलं की पुन्हा बरं. सेरेब्रल पाल्सी म्हणून त्याला वर्षानुवर्षं कॅलिपर लावतात. त्यातल्या काहींना डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया असतो आणि तीच लेव्होडोपाची गोळी, अगदी थोडी, त्यांना जन्मभर धावतं ठेवते.

शेवटी, काही वेळा आजार आपण विकतच घेतलेला असतो. चक्कर, उलटी, ॲसिडिटी, झोप यांसाठीच्या काही गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्या तर हुबेहूब पार्किन्सन्स दिसतो. सर्पगंधेचा किस्सा आठवा. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय आणलेल्या चकरेच्या गोळीने वर्षभर थरथरणारे एक गृहस्थ मी पाहिले आहेत. डॉक्टरांनी गोळी बंद केली, काही महिन्यांत हात शांत झाला.

औषधाइतकंच काम चालण्या-फिरण्याचं आहे. नेदरलँड्समध्ये १३० रुग्णांच्या एका अभ्यासात, आठवड्यातून तीनदा घरी सायकल मारणाऱ्यांची हालचाल सहा महिन्यांत टिकून राहिली, नुसतं अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांची घसरली. पुण्यात नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी नृत्याचे वर्ग चालवले. तिथलंच पार्किन्सन्स मित्रमंडळ मराठीतून काम करतं. मुंबईत डॉ. भीम सिंघल यांनी २००१ मध्ये सुरू केलेली संस्था रुग्णांचे आणि घरच्यांचे गट चालवते. लांबून फोनवरही जोडून घेता येतं.

घरात करण्यासारखी एक युक्ती सांगते. या रुग्णांचे पाय उंबरठ्याशी एकदम चिकटतात, जणू जमिनीने धरून ठेवलं. ओढू नका, पडतील. आपल्या घरांत शहाबादी फरशी असते. तिच्या सांध्याची रेघ दाखवा आणि म्हणा, "या रेघेवरून पाय टाका." किंवा तोंडाने 'एक-दोन, एक-दोन' असा ठेका धरा. मेंदूचा बिघडलेला रस्ता टाळून दुसऱ्या रस्त्याने हुकूम जातो आणि पाय सुटतो. नेदरलँड्सच्या एका डॉक्टरांनी २०१० मध्ये एक चित्रफीत प्रसिद्ध केली, त्यात दोन पावलंही न चालता येणारा माणूस सायकलवर बसून सहज निघून जातो. म्हणून 'तेव्हा बरं चालत होते, आता सोंग करतात' असं कुणी म्हणू नये.

आणि सरकारी कागद. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगता मान्य केल्या, त्यात पार्किन्सन्स आहे. पुष्कळ घरांना हे ठाऊकच नाही. ऑनलाइन अर्ज करायचा, दिलेल्या तारखेला जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळापुढे जायचं. ४० टक्के किंवा जास्त प्रमाण निघालं तर पुढच्या सवलतींचे दरवाजे उघडतात. गरीब घरांनी तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचीही चौकशी करावी. पोडावरच्या आजीचं कार्ड निघालं आहे. तिच्या तीन फेऱ्यांचा गाडीखर्च तुमच्या देणगीतून गेला, हे तुम्हाला कळायला हवं म्हणून सांगितलं.

दूरच्या पोडांवर आम्ही आता हेच करतो: कार्यकर्ती मोबाइलवर दोन मिनिटं टिपते. खुर्चीवर निवांत बसलेले हात, उठणं, दहा पावलं चालून वळणं, कागदावर एक ओळ आणि एक गोल चक्र. डॉक्टरांना निम्मं काम त्यातून कळतं. आरोग्य केंद्रातल्या ई-संजीवनीवरूनही तज्ज्ञांशी बोलणं होऊ शकतं. तुमच्या घरी कुणाचं असेल तर आजच टिपून ठेवा. चेहरा दाखवायचा नसेल तर नुसते हातपाय चालतील.

चहानंतर मी आणि आपल्या सिस्टर मागच्या वर्गखोलीत बसणार आहोत. दार लोटलेलं असेल, एका वेळी एकच कुटुंब आत येईल. येताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणा, रिकाम्या असल्या तरी.